निरंक महिना

दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरला सगळं हॉस्पिटल वहीबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायची छाती मात्र एकट्या सफाईवाल्या मावशींची. "वहीबाई, पाय वर घ्या," असं फर्मावून मावशी टेबलाखालून फडकं फिरवायच्या आणि वहीबाई निमूट पाय वर घ्यायच्या. बाकीचे पाठीमागे म्हणायचे, आणि जरा दातओठ खाऊनच म्हणायचे.

त्या वहीची गोष्ट अशी. बारा वर्षांपूर्वी बाईंनी ऑफिसकडे वॉर्डासाठी चादरी मागितल्या होत्या. ऑफिसनं तीन महिने विचार केला आणि चादरींऐवजी चादरी मोजायची वही पाठवून दिली. चांगली जाडजूड, दोनशे पानी, कव्हरवर ठसठशीत छापलेलं: 'धुलाईस गेलेल्या चादरी'. मोजायला चादरीच नाहीत म्हटल्यावर वही कोरी पडून राहिली. त्याच आठवड्यात एक नर्स खाट नंबर चारचं इंजेक्शन घेऊन खाट नंबर पाचपाशी उभी राहिली, आणि पाचवरचा माणूस "अहो, मला सुट्टी मिळालीय, मी नुसता गाडीची वाट बघतोय!" असं ओरडला म्हणून वाचला. सगळा वॉर्ड हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती कोरी वही ओढली, तारीख घातली आणि काय झालं ते चार ओळींत लिहून काढलं. कुणी केलं ते लिहिलं नाही. 'काय झालं', 'का झालं' आणि 'आता काय बदलायचं' एवढेच तीन रकाने पाडले.

तेव्हापासून तोच नेम. वही भरली की ऑफिस तसलीच दुसरी पाठवायचं, चादरी मात्र नाहीत. चूक झाली की वहीत. चूक होता होता राहिली तरी वहीत. दुपारी दोनला सकाळची पाळी दुपारच्या पाळीच्या हाती वॉर्ड सोपवायची, तेव्हा बाई त्या दिवसाची नोंद मोठ्यानं वाचायच्या. नाव घ्यायचं नाही, हसायचं नाही, 'बिचारी नवीन आहे' असं म्हणून पांघरूणही घालायचं नाही. त्या वाचनातून वॉर्डाचं औषधांचं कपाट असं काही तयार झालं होतं की बाहेरचा माणूस बघतच राहील. दिसायला सारख्या दोन बाटल्या एका फळीवर नांदायच्या नाहीत. भांडलेल्या जावांसारखी एक वरच्या टोकाला, दुसरी खालच्या. काहींच्या गळ्यात लाल पट्टी, काहींच्या तोंडावर कागद चिकटवलेला: 'आधी नाडी मोज, मग मला हात लाव.'

आणि औषधाच्या ट्रॉलीला हात लावायचा तर बाईंची परीक्षा द्यायलाच हवी. ही गोळी कशासाठी? किती? पोट रिकामं चालेल का? दिल्यावर काय बघशील? काही विपरीत दिसलं तर कुणाला हाक मारशील? दहा वर्षं नोकरी झालेल्या नर्ससुद्धा बोटं मोडायच्या. "हिला एवढं शिकवायची हौस आहे तर शाळा का काढत नाही?" असं म्हणायच्या, आणि मग उत्तर बरोबर आलं की मनातून खूशही व्हायच्या. माणसाचं काही कळत नाही.

आता गंमत ऐका. प्रत्येक वॉर्डानं महिन्याच्या शेवटी एक तक्ता खाली पाठवायचा. त्यात एक ओळ असायची, 'औषध देण्यातील चुका'. वहीबाई प्रामाणिकपणे वही उघडून मोजायच्या आणि लिहायच्या: एकोणीस. चौदा. बावीस. आणि तिसऱ्या मजल्यावरची इन्चार्ज लिहायची: निरंक. पुढच्या महिन्यात निरंक. त्याच्या पुढच्या महिन्यात निरंक. अकरा वर्षं. बेचाळीस खाटा, रोजच्या शेकड्यांनी गोळ्या, आणि चूक म्हणून औषधाला नाही. तिला सगळे निरंकबाईच म्हणायला लागले आणि तिला ते आवडायचंही.

वहीबाई आणि निरंकबाई एकाच तुकडीत शिकलेल्या. वसतिगृहात एकमेकींच्या शेजारी खाटा. निरंकबाई वाईट नव्हती हो. कामाला वाघ, साडीची निरी मोडणार नाही, वॉर्डात फरशीवर तोंड बघून घ्यावं अशी स्वच्छता. फक्त तिचा एक ठाम समज होता की चूक झाली असं लिहिलं की चूक झाली. दरवर्षी सुरक्षिततेची फिरती ढाल तिसऱ्या मजल्यावर जायची. ढालीचं नाव फिरती, पण ती कुठंही फिरायची नाही. मोठे साहेब समारंभात पडद्यावर आलेख दाखवायचे. त्यात सगळ्या वॉर्डांच्या छोट्या छोट्या काड्या, तिसऱ्या मजल्याची काडीच नाही, आणि दुसऱ्या मजल्याचा मनोरा छताला टेकलेला. "नावं घेत नाही," असं म्हणून साहेब त्या मनोऱ्यावर काठी ठेवायचे. सगळ्या माना वहीबाईंकडे वळायच्या. बाई समोर बघत बसायच्या.

अशात मेट्रन निवृत्त व्हायची वेळ आली.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की वहीबाई म्हणजे कुणी संतमंडळी. तसं काही नाही. त्यांना मेट्रन व्हायचं होतं. मनापासून, अगदी लहान मुलीला नवा फ्रॉक हवा असतो तसं. सत्तावीस वर्षं जिने चढउतार करून गुडघे बोलायला लागले होते. त्यांना खालच्या मजल्यावरची ती खिडकीजवळची खोली हवी होती, दारावर पाटी हवी होती, आणि पाटी लागली की सगळ्या सातही वॉर्डांत एकेक वही ठेवायची होती. हे शेवटचं कारण त्या लोकांना सांगायच्या. पहिली कारणं फक्त नवऱ्याला.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. डोळ्याला भिंग लावून दिवसभर लोकांची बंद पडलेली वेळ चालू करत बसायचा. "मेट्रनबाई, चहा टाकता का?" असं त्यानं चार महिने आधीपासूनच सुरू केलं होतं. बाई वरवर चिडायच्या. पण पंचावन्न वर्षांच्या बाईच्या गालावर लाली आली तर घड्याळवाल्याला भिंग लागत नाही.

एक तारखेला मोठ्या साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. साहेब चांगले होते, फक्त आकड्यांना घाबरायचे. म्हणाले, "सिस्टर, ज्येष्ठता तुमची. काम तुमचं. औषधांची माहिती तर तुमच्याएवढी आमच्या डॉक्टरांनाही नाही. पण समितीपुढं हा आलेख ठेवायचा म्हणजे..." त्यांनी हातानं मनोरा दाखवला. "मुलाखत पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला आहे. हा एक महिना, एकच महिना, तुमच्या वॉर्डाचा तक्ता निरंक येऊ द्या. पुढचं मी बघतो."

बाई म्हणाल्या, "चूक झाली नाही तर निरंकच येईल, साहेब."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. दोघंही एकच वाक्य बोलले असं दोघांनाही वाटलं.

बाईंनी वॉर्डात कुणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजच काय? केबिनबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायानं चहाबरोबर ती बातमी सातही वॉर्डांत पोचवली. दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाईंनी वही उघडली आणि विचारलं, "आज काही?"

"काही नाही, सिस्टर," सगळ्या एका सुरात म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी काही नाही. पहिल्या आठवड्यात बाईंना वाटलं, पोरी खरंच जपून वागतायत. दुसऱ्या आठवड्यात त्यांना कळून चुकलं. सत्तावीस वर्षं ज्या बाईनं नर्सच्या चालीवरून सांगितलंय की हिच्या हातून आज काहीतरी सांडलंय, तिला कळणार नाही? पोरी तिच्यावर जीव टाकत होत्या आणि म्हणून तोंडं शिवून बसल्या होत्या. बाईंनी एकीला तरी बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. विचारलं नाही. "काही नाही ना? बरं," म्हणून वही मिटायच्या आणि ड्रॉवरमध्ये सारायच्या. तिसऱ्या आठवड्यापासून तर वही बाहेर काढणंही सोडलं. काढून करायचं काय, काही नाहीच म्हणतायत तर. हे त्या स्वतःला सांगत होत्या आणि स्वतःच ऐकून घेत होत्या.

एकोणतीस तारीख उजाडली. तक्ता भरायला एक दिवस उरलेला. सकाळी एक नर्स तापानं घरी, दुसरी ऑपरेशनच्या खोलीत बोलावलेली. बाईंनी स्वतः ट्रॉली हातात घेतली. खाट नंबर सातवर एक निवृत्त मास्तर होते. झटक्यानंतर त्यांना घास नीट उतरत नसे, गोळी घशात अडकायची. बाईंनी केसपेपर पाहिला. बीपीची गोळी, पूर्वी दोन वेळा होती, डॉक्टरांनी ती बदलून दिवसातून एकदाच केली होती. बरंच झालं, बिचाऱ्याला एकदाच गिळायला लागेल, असं मनाशी म्हणत बाईंनी गोळी खलात घेतली, बारीक कुटली, चमचाभर पाण्यात कालवली आणि मायेनं भरवली. गेली पंचवीस वर्षं त्या म्हाताऱ्यांना अशीच औषधं भरवत आल्या होत्या. कुटून घेतलेलं औषध त्यांच्या हातून घशात अडकलंय असं कधी झालं नव्हतं.

अकराच्या सुमाराला मास्तर खाटेवरून उठायला गेले आणि तसेच बाजूला कलंडले. घामानं डबडबलेले, ओठ पांढरे. बीपी ऐंशीवर पन्नास. बाईंनी पाय उंच केले, डॉक्टरांना बोलावलं, सलाईन चढलं. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय. सकाळी नीट खाल्लं नसेल." मास्तरांच्या मुलीनं वडिलांना तिथंच फैलावर घेतलं, "बाबा, तुम्ही ऐकतच नाही, दूध सांडून ठेवता!" आणि बिचारे मास्तर त्या अवस्थेतही "चुकलं, चुकलं" म्हणायला लागले. दुपारी चारपर्यंत बीपी जागेवर आलं. मास्तर उठून बसले. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं, 'अशक्तपणा'.

बाईंना ते पटेना. मास्तरांनी दूध सांडलं नव्हतं, बाईंनी स्वतः कप रिकामा झालेला पाहिला होता. त्या ट्रॉलीपाशी गेल्या, गोळ्यांची पट्टी काढली आणि चष्मा लावून खिडकीच्या उजेडात धरली. औषधाचं नाव तेच. रंग तोच. नावापुढं मात्र मुंगीएवढी दोन अक्षरं होती. त्या दोन अक्षरांचा अर्थ बाईंनी आजवर किमान दोनशे मुलींना शिकवला होता: ही गोळी पोटात हळूहळू विरघळते, दिवसभर थोडं थोडं औषध सोडते. ही अख्खी गिळायची. ही फोडायची नाही, कुटायची नाही. कुटली की चोवीस तासांचं औषध एका तासात अंगात जातं.

पट्टी हातात घेऊन त्या तशाच उभ्या राहिल्या.

मागं धांदल उभी होती. धांदल म्हणजे त्यांची स्टाफ नर्स, दोन मुलांची आई, कायम धावपळीत म्हणून हे नाव. तिनं बाईंच्या हातातली पट्टी पाहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"सिस्टर, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"अठरा तारखेला स्टोअरमधून या नव्या गोळ्या आल्या. मीपण खलात टाकली होती. कुटणार तेवढ्यात अक्षरं दिसली. टाकून दिली. दुपारी सांगणार होते, पण..." ती थांबली. "पण तुमचा महिना चालला होता ना."

वहीत अठरा तारखेला चार ओळी पडल्या असत्या तर दोन वाजता बाईंनीच त्या मोठ्यानं वाचल्या असत्या, त्यांनीच पट्टीला लाल कागद चिकटवला असता आणि त्यांनीच एकोणतीस तारखेला खल बाजूला ठेवला असता. बारा वर्षं त्या पोरींना सांगत होत्या की वही तुम्हाला पकडायला नाही, वाचवायला आहे. आणि वाचायची पाळी त्यांची स्वतःची आली तेव्हा वही ड्रॉवरमध्ये होती. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की धांदलीला रागवायचंही सुचलं नाही. त्यांनी फक्त पट्टी वेगळी काढली, कपाटाला कुलूप घातलं आणि दुपारच्या पाळीला बजावलं की ही गोळी कुणाच्याही खलात जाता कामा नये.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं डोळ्याचं भिंग काढलं.

"मास्तर कसे आहेत?"

"बरे आहेत. मी निघाले तेव्हा मुलीशी वाद घालत होते."

"कुणाला कळलंय?"

"धांदलीला. मला."

"मग असं कर," घड्याळवाला म्हणाला, "उद्या तीस. तक्ता जाऊ दे. परवा एक तारीख लागली की वहीत लिही. लिहायचं नाही असं मी म्हणतच नाही. फक्त दोन दिवस काटा मागं सरकव. मुलाखत तीनला, पुढच्या महिन्याचा तक्ता जाईल तीसला. तोवर तू खुर्चीत असशील आणि हव्या तेवढ्या वह्या वाटशील."

बोलणं काही खोटं नव्हतं. बाईंना ते इतकं पटलं की त्या जेवायला बसल्या, दोन घास जेवल्यासुद्धा. मग हात थांबला.

"अहो, पण त्या गोळ्या सातही वॉर्डांत गेल्या असतील."

"मग?"

"उद्या सकाळी आठला सगळीकडं औषधं वाटतील. प्रत्येक वॉर्डात एकदोन म्हातारे असे असतातच ज्यांना कुटून द्यावं लागतं."

"मग स्टोअरमध्ये हळूच सांग ना. वहीत कशाला?"

"स्टोअरवाला विचारेल, तुम्हाला कसं कळलं?"

घड्याळवाल्यानं उठून बायकोच्या ताटात परत भाजी वाढली. "मला वाटलंच होतं," तो म्हणाला, "मी आपला बोलून बघितलं." त्या दिवसापासून त्यानं 'मेट्रनबाई' म्हणणं बंद केलं, आणि बाईंना ते ऐकू न आल्याचं फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाई वॉर्डात होत्या. त्यांनी ड्रॉवर उघडला, वही काढली आणि एकोणतीस तारीख घालून लिहिलं. त्या पानावर त्यांनी आपला नियम मोडला, काय झालं याच्यासोबत कुणी केलं तेही लिहिलं, कारण करणारी बाई लिहिणारीच होती. मग त्या खाट नंबर सातपाशी गेल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "काल तुम्हाला चक्कर आली ती माझ्यामुळं. जी गोळी कुटायची नसते ती मी कुटून दिली. माझी चूक आहे."

मुलगी भडकली. भडकायलाच हवं होतं, बाईंनी खाली मान घालून ऐकून घेतलं. मास्तर मात्र उशीवरून जरा वर सरकले. मुलीकडं वळून म्हणाले, "ऐकलंस? मी दूध प्यायलो होतो!"

पावणेआठला बाई स्टोअरमध्ये. फार्मासिस्टनं पट्टी बघितली आणि कपाळाला हात लावला. गोळ्यांबरोबर 'कुटू नये' अशी छापील सूचना आली होती आणि ती त्यानं नियमाप्रमाणे ऑफिसकडे पाठवली होती. ऑफिसनं तीही नियमाप्रमाणे फाइलला लावली होती. आठच्या आत त्यानं सगळ्या वॉर्डांना फोन लावले.

दुपारी दोनला बाईंनी स्वतःची नोंद मोठ्यानं वाचली. मग धांदल म्हणाली, "माझी अठरा तारखेची लिहा." तिच्यामागून दुसरी म्हणाली, "माझी सहा तारखेची." मग तिसरी. महिनाभराचा बांध फुटला म्हणा ना. सकाळचा डोस संध्याकाळी, एकाच्या बाटलीवर दुसऱ्याची चिठ्ठी, दुप्पट घेतलेलं आणि टोचायच्या आधी ओतून टाकलेलं. बाई लिहीत गेल्या. चार वाजता तक्ता खाली गेला: औषध देण्यातील चुका, सव्वीस. आजवरचा सर्वांत उंच मनोरा.

तीन तारखेला समितीपुढं मुलाखत झाली. समितीतल्या एका गृहस्थानं आलेखाकडं बघून कळकळीनं विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडं एवढ्या चुका होतात तर तुम्ही इतर वॉर्डांना काय शिकवणार?" बाई म्हणाल्या, "तसाच आलेख काढायला." साहेबांनी डोळे मिटून घेतले. त्यांनी आपल्या परीनं प्रयत्न केला होता, त्यांना तरी का बोल लावा.

मेट्रन निरंकबाई झाली.

पुढं फार्मासिस्टनं सहज हिशेब लावला तर त्या नव्या गोळ्या सगळ्यात जास्त तिसऱ्या मजल्यावर खपल्या होत्या. त्या बारा दिवसांत तिथं सहा म्हाताऱ्यांना घेरी आली होती, त्यातले दोघं पडले होते, एकाचं मनगट मोडलं होतं. सहाही केसपेपरांवर एकच शब्द: अशक्तपणा. कुणी खोटं लिहिलं असं नाही. चूक झालीच नव्हती, तर ती शोधणार कोण? त्यानं तो कागद साहेबांना नेऊन दाखवला. साहेब म्हणाले, "आता नेमणूक झालीय," आणि कागद खणात ठेवला.

नव्या मेट्रननं पहिल्या आठवड्यात एक परिपत्रक काढलं. वॉर्डांत चुकांच्या खासगी नोंदी ठेवल्यानं कर्मचाऱ्यांचं मनोबल खचतं, सबब अशा नोंदवह्या बंद कराव्यात. वहीबाईंनी परिपत्रक वाचलं, सही केली आणि आपली वही उलटून कव्हर बघितलं. त्यावर चुकांचं नावही नव्हतं. चादरींची वही बंद करा असं कुठं म्हटलंय? दोन वाजता त्यांनी ती उघडली आणि विचारलं, "आज काही?" पोरी भराभरा सांगायला लागल्या.

पण म्हणून बाई खूश होत्या असं कुणी समजू नये. त्या जळत होत्या. खिडकीजवळच्या त्या खोलीवरून जाताना त्यांची मान आपोआप वळायची. निरंकबाईला आता चारचौघांत 'मॅडम' म्हणावं लागायचं आणि तो शब्द घशात गोळीसारखा अडकायचा. गुडघे दुखायचे, जिना संपायचा नाही, आणि मनात यायचं, दोन दिवस, फक्त दोन दिवस थांबले असते तर काय आभाळ कोसळलं असतं? उत्तर त्यांना माहीत होतं. माहीत असून रोज विचारायच्या.

सहा महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी जेवणाची सुट्टी चालू असताना, दुसऱ्या मजल्याच्या दारात चाकाची खुर्ची आली. खुर्चीत एक बारीकशी म्हातारी, मांडीवर औषधांची पिशवी घट्ट धरून. खुर्ची ढकलत होती स्वतः मेट्रन. ना शिपाई, ना मावशी.

"आई आहे," ती म्हणाली. "काल पडली. शुगर, बीपी, हृदयाचं, सगळंच आहे. अकरा औषधं चालू आहेत. खाट हवी होती."

वहीबाई उठून उभ्या राहिल्या. वसतिगृहात असताना या म्हातारीच्या हातचं त्या जेवल्या होत्या. बाईंनी तिला ओळखलं, म्हातारीनं बाईंना नाही.

मेट्रननं फॉर्म पुढं केला. कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांचा फॉर्म वेगळा असायचा, आणि त्यात 'विशिष्ट वॉर्ड मागण्याचे कारण' असा एक रकाना होता. त्यात तिच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं, 'अन्य वॉर्डांत खाट उपलब्ध नाही.'

"वर तुझ्या जुन्या मजल्यावर नऊ खाटा रिकाम्या आहेत," वहीबाई म्हणाल्या. चारचौघं नव्हते, त्यामुळं मॅडम म्हणायची गरज नव्हती.

"माहीत आहे."

"मग हे काय लिहिलंयस?"

"अगं, रकान्यात काहीतरी भरावंच लागतं."

"काहीतरी नाही. कारण भरावं लागतं."

मेट्रननं इकडंतिकडं बघितलं. सहा महिने जिच्यापुढं सातही वॉर्ड उठून उभे राहायचे, ती खुर्चीच्या मुठी धरून तशीच उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. "तुला माझ्याकडून ऐकायचंच आहे का?" ती हलकेच म्हणाली.

"ऐकायचं नाही," वहीबाई म्हणाल्या. "लिहून हवंय." आणि त्यांनी पेन पुढं केलं. यात सूड किती आणि शिस्त किती हे त्यांना त्या वेळी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

मेट्रननं पेन घेतलं. खोडायचं कसं ते ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यातच दोघींना शिकवलेलं होतं: गिचमिड करायची नाही, एकच सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. तिनं तशीच रेघ मारली, सही केली. मग क्षणभर आईकडं बघितलं आणि त्याखाली लिहिलं:

'रुग्ण माझी आई आहे.'

तारीख घातली, वेळ घातली. पर्समधून शिक्का काढून सवयीनं तोही मारला: मेट्रन. वहीबाईंनी शाई वाळेपर्यंत फॉर्म हातात धरला आणि धांदलीला खाट नंबर दोन तयार करायला सांगितली.